झोन दिसला की लेकरं खांब होतात

बास्केटबॉलमध्ये समोरच्यांनी टू-थ्री झोन लावला रे लावला, म्हणजे एकेकाला न धरता दोघं पुढं आणि तिघं मागं रिंगजवळ अशी जागा राखली, की आमच्या लेकरांना काय होतं देव जाणे! मॅच लातूरला असो की परभणीला, तमाशा तोच. पाचही जण तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभे. बॉल इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी एकजण 6.75 मीटरवरून खांद्याच्या जोरावर भिरकावतो. रिंगला शिवतसुद्धा नाही.

अरे, फ्री थ्रो लाइनवर या ना कुणीतरी! पुढच्या दोघांच्या मागं तिथंच तर भगदाड असतं. तिथं बॉल गेला की मधला डिफेंडर वर येतो, बेसलाइनचा गडी मोकळा होतो. सरावात खुर्च्या मांडून हे फर्मास जमतं. मॅचमध्ये पोरगा आत शिरतो आणि बॉल यायच्या आधीच बाहेर पळतो, तीन सेकंदांच्या शिट्टीच्या धास्तीनं; हल्ला करणाऱ्याला रिंगसमोरच्या चौकटीत त्याहून जास्त थांबता येत नाही ना! त्यांचा उंच सेंटर मात्र रिंगखाली खुशाल मुक्कामाला! डिफेन्सला तीन सेकंदांचं बंधन अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये आहे, आपण खेळतो त्या फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांत नाही.

वर पालकांचं वेगळंच. "सर, आमच्याला लांबून मारू द्या की!" मारतोयच की तो, दुसरं काय करतोय?

पण खरी चीड येते ती झोन लावणाऱ्या कोचची. बारा वर्षांच्या पोरांच्या हातात लांबून टाकायचा जोर नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच लावतात. ट्रॉफी मिळते, फोटो निघतो. एकाला एक धरून खेळायला त्यांची पोरं कधी शिकणार, हे विचारलं की म्हणतात, "नियमात बसतं ना सर?"

बसतं हो, बसतं!