साठीच्या बाईला एचआयव्हीची टेस्ट कुणी सांगतच नाही

आमच्या गल्लीतल्या एका काकूंबद्दल लिहितेय, नाव सांगणार नाही, त्यांना विचारूनच लिहितेय. वय ६३. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून विड्या वळतात, मांडीवर सूप, त्यात तंबाखू न् कातरलेली पानं. मागच्या वर्षी खोकला लागला, संध्याकाळी बारीक ताप, ब्लाउज ढगळ व्हायला लागले. विडी कामगार म्हटल्यावर सगळ्यांनी तंबाखूवर ढकललं. एका दवाखान्यात सात महिने खोकल्याचं औषध आणि सलाईन, बस्स. शेवटी सरकारी दवाखान्यात टीबी निघाला आणि टीबीच्या पेशंटला एचआयव्हीची टेस्ट करायला सांगतात म्हणून कळलं, नाहीतर कळलंच नसतं!! नवरा ट्रकवर होता, जाऊन नऊ वर्षं झाली.

मला राग याचा येतो की सात महिन्यांत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गरोदर बाईची टेस्ट होते. सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षणसुद्धा बायकांना विचारतं ते १५ ते ४९ वयापर्यंतच. पुढं बाईला नवरा नसतो का? उलट पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ, कोरडी होते, बारीक जखमा पटकन होतात आणि व्हायरसला वाट मिळते. कंडोमचं तर विचारूच नका, दोन पोरांनंतर बाईचं ऑपरेशन झालं की विषय संपला, आणि पन्नाशीत नवऱ्याला वापरा म्हणायचं म्हणजे संशय घेते म्हणून घरात भांडण.

रिपोर्ट आला तेव्हा काकू रडल्या नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "नातवाला माझ्या ताटातलं भरवत होते गं, त्याला काय होतंय का?" नाही होत काकू. ताटानं नाही, पाण्यानं नाही, पोराचा मुका घेतल्यानं नाही.

आता टीबीचा कोर्स संपलाय, एचआयव्हीची रोज एकच गोळी, फुकट मिळते, आणि रक्तात व्हायरस सापडेना इतका कमी झालाय. पण या वयात तेवढ्यावर भागत नाही, हाडं, शुगर, बीपी, गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी, सगळं बघावं लागतं. गुडघे दुखतात म्हणून कुणी दिलेली कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी एचआयव्हीच्या गोळीबरोबर घेतली तर एचआयव्हीची गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरलाही काय चालू आहे ते सांगा आणि वेळ विचारून घ्या.

आईला, मावशीला, सासूला घेऊन जायचं असेल तर सरकारी दवाखान्यात टेस्ट फुकट होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे लागत नाहीत. सोबत कुणी नसेल तर मला इनबॉक्स करा, मी येते.