‘तिशीच्या आत कॅन्सर होत नसतो’ : घरोघरी फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यापासून सोलापुरातील घराघरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. माझ्याकडे तो तीन वाटांनी आला: जुळे सोलापुरातील आमच्या सोसायटीच्या गटावर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील ज्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहते तेथील सहकाऱ्यांकडून, आणि शेवटी माझ्या सख्ख्या मावशीकडून. त्यातील मजकूर थोडक्यात असा आहे. तिशीच्या आत कॅन्सर होत नसतो. मानेत गाठ आली तर ती उष्णतेची, फार तर टीबीची असते. बायोप्सीची, म्हणजे गाठीचा नमुना काढून तपासण्याची, सुई लागली की झोपलेला कॅन्सर जागा होऊन अंगभर पसरतो. साखर पूर्ण बंद करून रोज गरम लिंबूपाणी आणि खोबरेल तेल घेतल्यास तीन महिन्यांत गाठ विरते, कारण कॅन्सर आम्लात वाढतो हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला 1931 चे नोबेल मिळाले आहे. केमो हे विष आहे. भाकरी खाणाऱ्या आपल्या गावांत पूर्वी हा रोग नव्हता. आणि केमो घेतलेल्या मुलामुलींना मूल होत नाही, म्हणून स्थळ पाहताना नीट चौकशी करावी. शेवटची ओळ: ‘दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल.’

मला चोविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाला. आज मी सत्तावीस वर्षांची आहे आणि उपचार संपून दोन वर्षे झाली आहेत. मावशीने हा संदेश माझ्या काळजीपोटीच पाठवला हे मला ठाऊक आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात अशीच काळजी असणार. म्हणूनच त्यातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान वयाचे आहे, आणि संपूर्ण संदेशातील सर्वांत घातक विधान मी यालाच मानते. कर्करोग बहुतांशी उतारवयातील आजार आहे हे खरे. परंतु वैद्यकशास्त्र 15 ते 39 या वयोगटातील रुग्णांचा स्वतंत्र विचार करते, कारण या वयात आढळणारे कर्करोगच काहीसे वेगळे असतात. रक्ताचे कर्करोग, पुरुषांत अंडकोषाचा, किशोरवयीन मुलांत गुडघ्याजवळच्या हाडाचा, थायरॉइडचा आणि लिम्फोमा हे त्यांपैकी काही. हॉजकिन लिम्फोमा तर विशी-तिशीत एकदा आणि उतारवयात पुन्हा, अशा दोन टप्प्यांत अधिक आढळतो. क्रिकेटपटू युवराजसिंग 2011 च्या विश्वचषकाचा मालिकावीर ठरला, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत त्याच्या छातीतील गाठीचे निदान झाले तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

माझी गाठ डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या जरा वर होती. दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणून आम्ही निश्चिंत होतो. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळले. एप्रिल सुरू झाला तशी मी मध्यरात्री घामाने निथळून जागी होऊ लागले. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम कोणाला येत नाही? आई अंथरलेली चादर सकाळी उचलायची, तेव्हा ती पिळावी इतकी ओली असायची, आणि तरीही आम्ही सर्वांनी दोष उन्हालाच दिला. शेजारच्या पलंगावर, त्याच पंख्याखाली झोपलेल्या बहिणीची चादर मात्र कोरडी होती, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. वजन सात किलोंनी उतरले. एका डॉक्टरांनी गाठीचा तुकडा न तपासता, केवळ आपल्या भागात टीबी जास्त म्हणून, टीबीची औषधे सुरू केली आणि त्यात तीन महिने गेले. टीबीची शंका चुकीची नव्हती, कारण मानेच्या गाठी टीबीनेही येतात, आणि ताप, रात्रीचा घाम व वजन घटणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच असतात. चूक होती ती शंकेलाच निदान मानण्याची. हा संदेश हजारो घरांना नेमकी तीच चूक करायला सांगत आहे.

आता बायोप्सीविषयी. सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी रुजणे ही अगदीच अशक्य गोष्ट नाही, पण ती अत्यंत विरळ आहे, आणि जेथे तो धोका खरोखर असतो तेथे शल्यचिकित्सक पद्धतच बदलतात. अंडकोषात गाठीची दाट शंका असेल तर बाहेरून सुई घालत नाहीत. जांघेतून छेद देऊन तो अंडकोष काढतात आणि मग तपासतात. हाडाच्या गाठीत बायोप्सीची जागा पुढची शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवली जाते. म्हणजे ज्या भीतीवर हा संदेश उभा आहे, तिचा विचार वैद्यकशास्त्राने आधीच केलेला आहे. ‘सुई लागली आणि वाढला’ असे जे वाटते, त्याचे कारण बहुतेकदा एवढेच असते की तपासणीपर्यंत पोहोचायलाच उशीर झालेला असतो. आजार वाढतच होता, सुईने तो फक्त दिसू लागला. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून हॉजकिनचे निदान पुष्कळदा पक्के होत नाही, त्यासाठी सहसा संपूर्ण गाठ काढून तपासावी लागते. माझ्या मानेवर त्या छेदाची बोटाच्या पेराएवढी खूण आहे. ओढणीखाली ती सहज झाकली जाते. मी झाकत नाही.

साखर, लिंबू आणि नोबेल यांच्याविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण येथे सत्याचा एक कण घेऊन त्यावर असत्य रचलेले आहे. ऑटो वॉरबुर्ग यांना 1931 चे नोबेल मिळाले ते श्वसनाशी संबंधित विकराचे (एन्झाइमचे) स्वरूप आणि कार्य शोधल्याबद्दल. कर्करोगाचे कारण किंवा उपाय शोधल्याबद्दल नव्हे. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज भराभर वापरतात हे त्यांचे निरीक्षण मात्र खरे आहे, आणि त्याचा उपयोग मी स्वतःच्या अंगावर पाहिला आहे. पेट स्कॅनसाठी, म्हणजे शरीरात गाठी कोठे आहेत हे दाखवणाऱ्या तपासणीसाठी, आम्ही पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. मी उपाशी होते. बोटाला सुई टोचून आधी रक्तातील साखर मोजली, मग किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेले ग्लुकोज शिरेतून दिले आणि तासभर एका खोलीत हालचाल न करता, न बोलता बसायला सांगितले. त्या फ्लोरीनची तीव्रता सुमारे 110 मिनिटांत निम्मी होते, म्हणून तेथे सगळे घड्याळाच्या काट्यावर चालते. पडद्यावर मानेतील आणि छातीतील गाठी उजळलेल्या दिसल्या. पण मेंदूही तसाच उजळला होता, कारण मेंदूही मुख्यतः ग्लुकोजवरच जगतो. साखर खाणे बंद केले म्हणून गाठ उपाशी राहत नाही. यकृत शरीरातील इतर द्रव्यांपासून, प्रसंगी स्नायूंतील प्रथिनांपासून, ग्लुकोज तयार करून रक्तात सोडत राहते. उपाशी राहतो तो माणूस, आणि केमोच्या काळात वजन घटणे त्याला परवडणारे नसते.

आम्लाचे म्हणणे तर मुळातच टिकत नाही. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सांभाळतात. पेलाभर लिंबूपाण्याने तो हलत नाही, आणि हलू लागला तर माणसाला अतिदक्षता विभागात न्यावे लागेल. नोव्हेंबर 2024 मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगाबाबत लिंबूपाणी, हळद, कडुनिंब आणि आहार यांना श्रेय दिले, तेव्हा टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढून अशा दाव्यांवर विसंबून उपचार लांबवू नका असे आवाहन केले होते. श्रीमती सिद्धू यांची शस्त्रक्रिया आणि केमोही झालेली होती. त्यांच्या आहाराची बातमी घरोघरी पोहोचली, हा भाग पोहोचला नाही.

खर्चाच्या भीतीने लोक लिंबूपाण्याकडे वळतात, हे मी वॉर्डात पाहिले आहे, आणि त्या भीतीला मी हलके लेखत नाही. एवढेच सांगते की कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट आहेत, आणि उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर व थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. संदेश लिहिणाऱ्याने यातले एक वाक्य जरी घातले असते तरी कोणाच्या तरी उपयोगी पडले असते.

केमो विष आहे, या विधानाला माझे उत्तर ‘नाही’ असे नाही. ती औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि केसांच्या मुळांतील, तोंडाच्या आतील, रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगाने वाढणाऱ्याच असतात. मला दर पंधरा दिवसांनी चार औषधे दिली जात. पहिले लालभडक, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीला लाल होत असे. शेवटचे औषध उजेडात खराब होते म्हणून त्याची पिशवी काळ्या आवरणात गुंडाळून टांगत, आणि ते चढताना मनगटापासून कोपरापर्यंत शीर जळत जाई. ते दुखणे मी कधीही कमी करून सांगणार नाही. परंतु त्या चारांतील व्हिनब्लास्टिन हे औषध आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळालेले आहे. मधुमेहावर उपयोगी पडेल या अपेक्षेने जमैकातून आलेल्या पानांचा अभ्यास करताना रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या कॅनडातील शास्त्रज्ञांना त्या अर्काने पांढऱ्या पेशी घटतात असे आढळले, आणि 1958 मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन वेगळे केले. माझ्या वाट्याला एका वेळी येणारी मात्रा होती सुमारे 9 मिलिग्रॅम, उंची-वजनावरून मोजलेली, फक्त शिरेतून द्यायची. शिरेबाहेर सांडली तर कातडी जाळणारी. वनस्पतीवर विश्वास असणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे, आणि सदाफुलीची पाने चावून खाण्याचा सल्ला कोणालाही देऊ नये, कारण त्यात किती विष जाते याचे मोजमाप कोणाकडेच नसते. प्रभावी औषधे नव्हती तेव्हा पसरलेला हॉजकिन जवळजवळ नेहमी जीव घेत असे. आज अमेरिकेतील नोंदींनुसार निदानानंतर पाच वर्षांनी शेकडा 85 हून अधिक रुग्ण जिवंत असतात. प्रत्येक कर्करोगाचे असे नाही, हेही मी जाणते. माझ्याबरोबर केमो घेणारा अकरावीतला एक मुलगा, ज्याच्या गुडघ्याची सूज चार महिने तेल लावून चोळली गेली होती, आज नाही.

भाकरी खाणाऱ्या गावांविषयी बोलायचे तर लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे; बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तिच्यात येतात, आणि ग्रामीण भागातील अशी नोंदणी देशात प्रथम येथेच झाली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, आणि 2009 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात 64. या स्त्रिया ज्वारीची भाकरीच खात होत्या. पूर्वी रोग नव्हता असे नाही, त्याला नाव देणारे कोणी गावात नव्हते.

राहिले लग्न आणि मूल. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, संसाराने लागत नाही. आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग एकूणांत शेकडा 5 ते 10 च्या आसपास मानले जातात. प्रजननक्षमतेवर परिणाम होतो का, हे औषध कोणते, मात्रा किती आणि वय काय यांवर ठरते. काही औषधांनी तो धोका मोठा असतो. मला दिलेल्या चार औषधांत तुलनेने कमी असतो. जेथे मोठा असतो तेथे पहिल्या केमोआधी शुक्राणू गोठवून ठेवता येतात, ज्याला एक-दोन दिवस पुरतात, किंवा स्त्रीबीजे, ज्यांना साधारण दोन आठवडे लागतात. पहिली सलाईन लागण्यापूर्वीच हे विचारावे लागते, आणि आपल्याकडे नेमके तेव्हाच सगळे गप्प असतात. मी डॉक्टरांना ‘मला पुढे मूल होईल का’ असे विचारले तेव्हा आईने टेबलाखाली माझा हात दाबला. अविवाहित मुलीने असे विचारू नये म्हणून. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवून दहा मिनिटे समजावून सांगितले. स्थळ पाहताना चौकशी करण्याला माझी हरकत नाही, आणि लपवण्याजोगे माझ्याजवळ काही नाही. हृदय आणि फुप्फुसे यांची तपासणी मला पुढेही करत राहावी लागेल, हेही मी आपण होऊन सांगेन. पण जी गोष्ट एखाद्या मुलीच्या अहवालावरून ठरते ती एका संदेशाच्या ओळीवरून ठरवून तिचे नाव कापू नये, एवढी अपेक्षा मी नक्कीच ठेवते.

हे सारे मी मावशीला फोनवर सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की हा संदेश तिने जपून ठेवला होता तो शेजारणीच्या मुलासाठी. एकोणीस वर्षांचा आहे, मानेत दोन महिन्यांपासून गाठ आहे, आणि घरचे लिंबूपाणी देत आहेत. मी तिला सांगितले, त्याला गाठ काढून तपासायला घेऊन जा, आणि काढलेली गाठ दोन बाटल्यांत पाठवायची का, हे डॉक्टरांना आधी विचार: फॉर्मालिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवातला तुकडा कॅन्सरसाठी पाहतात, पण फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू वाढवून पाहता येत नाहीत, त्यासाठी दुसरा तुकडा साध्या सलाईनमध्ये लागतो. मावशीने कागद-पेन्सिल आणून ते लिहून घेतले आणि ‘फॉर्मालिन’ हा शब्द मला दोनदा सांगायला लावला. येत्या सोमवारी त्याची तारीख आहे.