शॅम्पेनच्या लेबलावरची दोन अक्षरं

शॅम्पेनची बाटली हातात आली की मोठ्या सोनेरी नावाकडे नंतर बघा. लेबलाच्या कोपऱ्यात, बारीक ठशात, एक नोंदणी क्रमांक असतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरं असतात. एन.एम. असेल तर ती वाइन द्राक्षं विकत घेऊन बाटली भरणाऱ्या घराण्याची. आर.एम. असेल तर ज्याची बाग त्याचीच वाइन. गेल्या चाळीसेक वर्षांत शॅम्पेनमध्ये जी उलथापालथ झाली ती या दुसऱ्या गटातल्या मूठभर बागायतदारांनी केली. तरी अजूनही बहुतेक लोक पुढचं नाव वाचूनच बाटली उचलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशातल्या साधारण नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या आहेत. जगभर विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर मात्र बहुतांशी मोठ्या घराण्यांचं नाव असतं. पिकवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं, हे दुखणं जुनं आहे. 1911 साली घराणी बाहेरच्या प्रदेशातून स्वस्त द्राक्षं आणतात म्हणून मार्नच्या खोऱ्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले, तळघरं फोडली, वाइन गटारात ओतली. दक्षिणेकडच्या ओब भागातल्या शेतकऱ्यांना तर 'शॅम्पेन' हे नाव लावायचा पूर्ण हक्क मिळायला 1927 उजाडावं लागलं.

त्यानंतर भावाची जी पद्धत रुळली तिने वेगळंच नुकसान केलं. प्रत्येक गावाला टक्केवारी दिलेली होती. अव्वल गाव 100 टक्के, म्हणजे ठरलेला पूर्ण भाव. इतरांना त्यांच्या टक्क्यांप्रमाणे कमी. भाव गावाचा आणि पैसे किलोवर. एकाच गावात एकाने वेलीवर मोजके घड ठेवून पूर्ण पिकवले, दुसऱ्याने वेल लादून आंबट माल काढला, तरी किलोमागे दोघांच्या हातात सारखंच पडायचं. मग मेहनत कशाला करायची? खत वाढलं, तणनाशक वाढलं. पॅरिस शहराचा कुजवलेला कचरा खत म्हणून बागांत पसरला जायचा, त्यातले निळ्या प्लॅस्टिकचे तुकडे काही बागांत अजून सापडतात. माल कच्चा राहिला तरी खपायचा, कारण पुढे शेकडो बागांचं मिश्रण होणार आणि शेवटी साखर पडणार.

आव्हान दिलं गेलं ते इथे. आव्हीझ गावच्या आन्सेल्म सेलोसने बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच वाइन प्रदेशात, बोन गावी, शिक्षण घेतलं. वडिलांची बाग हाती आल्यावर त्याने शॅम्पेनकडे 'बुडबुडे असलेली वाइन' म्हणून पाहिलं. आधी वाइन, मग बुडबुडे. उत्पादन कमी, द्राक्ष पूर्ण पिकलेलं, आंबवणं लाकडी पिंपात. 1994 मध्ये गो-मियो या फ्रेंच मार्गदर्शिकेने त्याला देशातला सर्वोत्तम वाइनकार ठरवलं. त्याच्याकडे शिकलेल्या जेरोम प्रेव्होने रॅंसजवळच्या ग्यू गावी सुमारे दोन हेक्टर मनिए द्राक्षावर नाव कमावलं. मनिए म्हणजे ज्याला सगळे भरतीचा माल समजत होते ते द्राक्ष. आणि ज्या ओबला एकेकाळी वेशीबाहेर ठेवलं होतं, तिथला सेद्रिक बूशार एक बाग, एक जात, एक वर्ष अशा बाटल्या काढतो. मिश्रण हाच शॅम्पेनचा आत्मा म्हणणाऱ्यांना याहून सरळ उत्तर नाही.

हे काम किती नाजूक आहे ते कळायला बाटलीत काय घडतं ते पाहावं लागतं.

तोडणी हातानेच करायची, हा नियम सर्वांना आहे. 4000 किलो अख्खे घड दाबले की पहिला चांगला रस 2050 लिटर घ्यायचा, त्यानंतरचा 500 लिटर वेगळा ठेवायचा. पुढचा रस शॅम्पेनसाठी चालत नाही. जुनं स्थानिक पिंप 205 लिटरचं, म्हणजे एका दाबाचा पहिला रस बरोबर दहा पिंपांत बसतो. हा रस आंबला की साधी, बुडबुडे नसलेली वाइन तयार होते.

मग ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात आणि धातूचं झाकण लावतात. बंद बाटलीत ती पुन्हा आंबते आणि अडकलेल्या वायूचे बुडबुडे होतात. दर 4 ग्रॅम साखरेमागे सुमारे एक वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) दाब तयार होतो, म्हणजे 24 ग्रॅमला सहा. छोट्या बागायतदाराची पहिली ठेच इथे लागते. त्याला बाहेरचं यीस्ट नको असतं, द्राक्षावरच्या जंगली यीस्टवर पिंपात आंबवायचं असतं. ते आंबणं कधी कधी मध्येच थबकतं आणि वाइनमध्ये 4 ग्रॅम साखर उरते. ती न मोजता वर 24 घातली तर दाब सातवर जातो. बाटल्या फुटतात, किंवा बाटलीत साचलेला यीस्टचा गाळ काढताना अर्धी वाइन फेसाबरोबर बाहेर येते. म्हणून भरण्याआधी उरलेली साखर प्रयोगशाळेत मोजायलाच हवी, जिभेवर भरवसा ठेवून चालत नाही.

दुसरी ठेच मॅलिक आम्लाची, म्हणजे द्राक्षातल्या तीव्र आंबट आम्लाची. ते जिवाणूंनी सौम्य लॅक्टिक आम्लात बदलून झालेलं तरी असावं, नाहीतर बारीक गाळणीने जिवाणू काढून टाकलेले तरी असावेत. अर्धवट राहिलं तर तो बदल बंद बाटलीत होतो. त्या जिवाणूंचा गाळ इतका महीन असतो की तो तोंडाशी आणायला बाटली कितीही फिरवा, घसरून झाकणाकडे येत नाही आणि वाइन गढूळ राहते. महागडी गाळणी नसलेले लोक म्हणून घाई करत नाहीत. पिंपात हा बदल पुरा होईपर्यंत थांबतात आणि बाटल्या उन्हाळ्यात भरतात.

तिसरी ठेच पिकलेल्या द्राक्षाचीच. साध्या वाइनचं अल्कोहोल आधीच साडेअकरा टक्क्यांच्या वर गेलं असेल, तर 10-12 अंशांच्या तळघरात बाटलीतलं यीस्ट दमतं. यीस्टला त्याच वाइनची थोडी थोडी सवय काही दिवस लावून मगच सोडावं लागतं. नाहीतर दाब कमी आणि गोडी शिल्लक.

शेवटी गाळ काढून वरून साखरपाक घालतात. लिटरला 8 ग्रॅम हवी असेल तर 750 मिलीच्या बाटलीत 6 ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला 600 ग्रॅम साखर असलेल्या पाकाचे 10 मिली. लेबलावरचे गोडीचे शब्द यावरूनच ठरतात: ब्रूटला लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत मुभा, एक्स्ट्रा ब्रूटला 6, आणि ब्रूट नातूरमध्ये पाकाची साखर शून्य, स्वतःची 3 पेक्षा कमी. सध्या शून्याचं कौतुक जरा जास्तच चाललंय. कच्च्या द्राक्षाच्या वाइनमधली साखर काढली की ती प्रामाणिक होत नाही, नुसती टोकदार आणि पोकळ होते. दोन-तीन ग्रॅमने तोल साधत असेल तर ते द्यावेत. शून्य परवडतं ते बागेत आधी काम केलेल्यालाच.

आणखी एक. आर.एम. म्हणजे आपोआप उत्तम, असं मी म्हणत नाही. आर.सी. अक्षरांची बाटली तर दिसायला अगदी घरगुती असते, पण त्या शेतकऱ्याने द्राक्षं सहकारी संस्थेला दिलेली असतात आणि तिथेच तयार झालेल्या बाटल्यांवर स्वतःचं नाव लावलेलं असतं. उलट 2021 सारखं वर्ष आठवा. वसंतात हिमकडाका, मग पावसाने केवडा रोग. घराण्याकडे शेकडो गावांचा माल आणि जुन्या वाइनचा साठा असतो. चार हेक्टरवाल्याकडे स्वतःच्या साठ्याशिवाय काही नसतं, आणि आर.एम. राहायचं तर बाहेरून पाच टक्क्यांपर्यंतच माल घेता येतो. म्हणून काही चांगले बागायतदार स्वतःहून एन.एम. परवाना घेतात. नुसतं एन.एम. दिसलं म्हणून नाक मुरडू नका. बाग कोणाची, हे विचारा.

माझी खरी मागणी वेगळीच आहे. गाळ काढल्याची तारीख लेबलावर सक्तीची करा. वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला किमान 15 महिने तळघरात ठेवण्याचं बंधन आहे, त्यातले 12 यीस्टच्या गाळावर. पण एकाच नावाखाली पुढच्या वर्षी वेगळं मिश्रण येतं आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. आंबोनेच्या एग्ली-ऊरिएसारखे बागायतदार गाळावर किती महिने आणि गाळ कधी काढला, दोन्ही छापतात. त्याला खर्च काहीच नाही. ही तारीख दोन महिन्यांपूर्वीची असेल आणि साखर शून्य असेल, तर ती बाटली अंधारात आडवी ठेवून आणखी सहा महिने उघडू नका. आणि चार वर्षांपूर्वीची असून दुकानाच्या दिव्याखाली पारदर्शक काचेत उभी असेल, तर घेऊच नका. उजेडाने तिला उकडलेल्या कोबीचा वास लागलेला असण्याची भीती असते, आणि तो मग कशानेच जात नाही.