कुंपण घातलं की निसर्ग सावरतो?

एक मजकूर सध्या खूप फिरतोय: "जंगलातून माणूस बाहेर काढा, कुंपण घाला, निसर्ग आपोआप सावरतो. सामायिक गोष्ट माणूस ओरबाडणारच. गावकऱ्यांचा जिव्हाळा वगैरे भाबड्या गप्पा. पैसे मिळाले तरच ते राखतील." एका दमात चार दावे. एकेक बघू.

"आपोआप सावरतो." राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानात हेच करून पाहिलं. १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी खात होत्या ते पास्पॅलम गवत मग मोकाट वाढलं, उथळ पाणी त्याने गच्च भरलं आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी बंदी आणली त्यांचीच अडचण झाली. हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आलं. पक्ष्यांच्या विणीची बेटं वगैरे जागा निर्मनुष्य ठेवाव्याच लागतात, कबूल. पण म्हणून सगळीकडे तोच उपाय?

"सामायिक ते ओरबाडलं जाणारच." हा गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञाचा १९६८चा युक्तिवाद. आपला मुद्दा व्यवस्थापन नसलेल्या सामायिक संपत्तीपुरता होता, अशी दुरुस्ती पुढे त्यानेच केली. लोक स्वतः नियम करून अशी संपत्ती टिकवतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मजकूर लिहिणारा अजून १९६८ मध्येच आहे.

"जिव्हाळा म्हणजे भाबडेपणा." आसामातला हरगिला बघा. हा थोराड करकोचा उकिरड्यावर जगतो आणि घरामागच्या उंच झाडांवर घरटी करतो. खाली विष्ठा, कुजलेल्या मांसाचे तुकडे, दुर्गंधी. लोक झाडंच तोडायचे. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी तिथल्या दादरा गावाच्या परिसरातल्या बायकांना सोबत घेतलं. त्यांनी या पक्ष्याचं डोहाळजेवण केलं, मेखला-चादर या आसामी पोशाखावर त्याची नक्षी विणली, घरट्यांखाली जाळी बांधून पडणारी पिल्लं झेलली. यात भाबडं काय आहे? वास येतच राहतो, अंगण रोज झाडावंच लागतं. २०२३ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत या पक्ष्याला असलेला धोका कमी झाल्याची नोंद झाली. श्रेय एकट्या दादराचं नाही, पण आसाम हाच त्याचा मुख्य आधार आहे.

"पैसे मिळाले तरच." नागालँडच्या पांगती गावात २०१२ मध्ये दोयांग जलाशयाकाठी मासेमारीची जाळी लावून स्थलांतरी अमूर ससाणे हजारोंनी पकडून विकले जात. पैसा तर मारण्यात होता. बाहेरून दबाव आला, सरकारचाही; पण पुढच्याच वर्षी शिकार थांबली आणि राखण करायला कालचे शिकारीही उभे राहिले. बुडालेल्या उत्पन्नाला पर्याय हवा, ही त्यांची मागणी रास्तच आहे. फक्त ती शिकार थांबल्यावरची आहे. मजकुरात क्रम उलटा लावलाय.