समुद्राकडे तोंड करून बसा

कोकणात राहून कथा लिहिणाऱ्याने ‘प्रेरणा मिळत नाही’ म्हणायची सोय नाही. मुंबई-पुण्याची माणसं ती घ्यायला पैसे मोजून होमस्टेत उतरतात. तुमच्या तर परड्यात पडली आहे. तेव्हा पडवीत समुद्राकडे तोंड करून एक खुर्ची मांडा आणि संध्याकाळ होऊ द्या. सूर्य बुडाला की फोटो काढा, खाली ‘शब्द अपुरे पडतात’ असं लिहा. त्या दिवसाचं लेखन झालं.

वाळूत रापण ओढत असतील तर तिकडे बघू नका. दोन्ही टोकांना माणसं लागलेली असतात, जाळं वर आलं की मासळीचे वाटे पडतात आणि कुणाच्या वाट्यात बांगडा कमी आला यावरून जे सुरू होतं त्यात संवाद फार असतात. ते कान देऊन ऐकावे लागतात, मग घरी येऊन लिहावे लागतात. सूर्यास्ताचं तसं नाही. तो बोलत नाही.

थोरामोठ्यांचे दाखले कुणी दिले तर सरळ कानाआड करा. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथेच शाळेत राबले. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कुडाळात खानावळ चालवली. श्री. ना. पेंडशांनी दापोलीकडची माणसं लिहिली ती मुंबईत बेस्टची नोकरी करता करता, समुद्राऐवजी फायली समोर ठेवून. या लोकांना वेळच नव्हता, म्हणून बिचाऱ्यांना लिहावं लागलं. तुमच्याकडे वेळ आहे. तो असा वाया घालवू नका.

जत्रेला जा, पण दशावताराला थांबू नका. रात्री राजा झालेला माणूस दिवसा चिरे भरून आलेला असतो. आख्यान काय ते ठरलेलं, पण भाषण कागदावर लिहिलेलं नसतं. तरी पहाटेपर्यंत तो थांबत नाही. समोरच्या राक्षसाने भलताच प्रश्न टाकला तरी अडत नाही. असलं काही पाहून आलात की ‘सध्या माझं लेखन अडलंय’ हे वाक्य चारचौघांत म्हणताना जीभ अडखळते, आणि हातचं एक चांगलं वाक्य जातं.

बाकी वर्ष आपोआप निघतं. पावसाळ्यात लाइट नसते, गणपतीत चाकरमानी येतात, थंडीत जत्रा, मग मोहोराची फवारणी, मग आंबा, मग लग्नं. जून-जुलैत माशांना वीण घालायला उसंत मिळावी म्हणून यांत्रिक होड्यांना बंदी असते. तुमच्या कथेला तेवढ्यात कसं भागणार? तिची बंदी बारमाही ठेवा.

राहिलं प्रोत्साहन. ते मागू नका, इथे ते न मागता मिळतं. तिठ्यावर भेटलेला पहिला माणूस विचारेल, “अजून लिवतंस मा? मगे ह्येचे पैशे किती गावतत?” मानधनाचा आकडा सांगा. तो ऐकून त्याच्या तोंडावर जी कणव येते, तशी तुमच्या करुण कथांनी आजवर कुणाच्याही तोंडावर आणलेली नाही. घरी काका विचारतील, कथेत सामायिक जमिनीबद्दल काही नाही ना? नसेल तर ते वाचणार नाहीत, आणि असेल तर वकिलाला वाचायला देतील. तेवढा बारकाईने वाचणारा वाचक दुसरा मिळायचा नाही.

खरी दाद मात्र वाडीकडून. समजा, एका दिवाळी अंकात तुम्ही विहिरीचा रहाट कुलूप घालून ठेवणारा एक कंजूष म्हातारा लिहिलात. अंक वाडीत पोचला की ज्यांच्याकडे विहीरच नाही असे दोघे तुमच्याशी बोलायचे बंद होतील. तिसऱ्याची बायको तुमच्या आईला ऐकवून जाईल की आमच्या ह्यांनी तुमच्या पोराचं काय घोडं मारलं होतं. आई तुम्हाला दोन दिवस पेजेबरोबर नुसतं लोणचं वाढील. खुलासे करू नका. आपलं लेखन लोकांना भिडतं म्हणतात ते हेच, आणि इतकं भिडलेलं पुण्याच्या समीक्षकाला कळणारही नाही.

आणि ज्याच्यावर ते बेतलं, तो? तो संध्याकाळी स्वतःहून पायरीवर येऊन बसेल. चहा घेईल, दुसऱ्यांदाही घेईल. शेजारच्या घराकडे मान वळवून हळूच म्हणेल, “बरोब्बर पकडलंस हां त्येका! असोच आसा तो. आता एकदा माझ्यासारख्या सरळ माणसावर लिव.” आणि उठताना अंक काखेत मारून नेईल. विकत कुठे मिळतो ते तो विचारणार नाही, तुम्हीही सांगू नका.