दुधाचे दात पडणारच आहेत, म्हणून किडू द्यायचे का?

परवा आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि संध्याकाळपर्यंत तोच माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर पण येऊन पडला. वर लिहिलेलं "आयांनो जाग्या व्हा", आणि खाली थोडक्यात असं की दुधाचे दात पडणारच असतात, किडले तरी काही करायची गरज नाही. तीन वर्षांपर्यंत पेस्ट लावू नका, फ्लोराईड विष आहे. साखरेनं दात किडतात पण गूळ, मध, बेदाणे बिनधास्त द्या, ते नैसर्गिक. दात येताना ताप-जुलाब होतातच, दवाखान्यात पळू नका. दात किडलाच तर रिंगणीच्या बियांची धुरी घ्या, किडा बाहेर पडतो. आणि शेवटी, आपल्या आज्या कुठं ब्रश करत होत्या?

खाली नुसते अंगठे आणि जोडलेले हात. मला राहवेना कारण यातलं बरंच मी थोरल्याच्या तोंडात बघितलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते, लांबलं तर लांबू दे.

पहिला मुद्दा, पडणारच आहेत. थोरला दोन वर्षांचा असेल, एकदा खिडकीत उन्हाला धरून त्याचा वरचा ओठ उचलला तर पुढच्या दातांवर हिरडीला लागून खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ. मला वाटलं दूध चिकटलंय, ओल्या फडक्यानं पुसलं, जाईना. एके ठिकाणी दाखवलं तर तिथं पण हेच ऐकलं, दुधाचेच आहेत, पडतील. मी पण निर्धास्त झाले. ती रेघ पुढं तपकिरी झाली, मग दात काठाकाठानं झिजून गेले, आणि साडेचार वर्षांचा असताना एका रात्री खालच्या दाढेपाशी गाल सुजून टम्म, पोरगं रडून रडून बेजार, सकाळी मिरजेला नेला तेव्हा ती दाढ वाचवण्यासारखी राहिलीच नव्हती, काढावी लागली.

तेव्हा कळलं की "पडणार" म्हणजे कधी पडणार हे मेसेजमध्ये कुणी लिहीतच नाही. दुधाचे दात २०, त्यातले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात हे खरं, पण मागच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे माझ्या पोराला त्या दाढेवर अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची होती. आणि ती दाढ नुसती चावायला नसते, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते. ती लवकर गेली की मागची दाढ पुढं सरकते, पक्क्या दाताला वाट राहत नाही, मग तो वाकडा येतो नाहीतर आतच अडकतो. म्हणून आता त्याच्या तोंडात तारेची कडी बसवलीय, स्पेस मेंटेनर म्हणतात. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळाखालीच पक्का दात तयार होत असतो, वर पू साठून राहिला तर त्या पक्क्या दातावर आधीच डाग नाहीतर खड्डे पडू शकतात.

ती पांढरी रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी, आणि तिथं असताना ती मागं फिरवता येते. मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर रात्रीची बाटली बंद आणि फ्लोराईडची, म्हणजे दाताचा वरचा थर घट्ट करणाऱ्या क्षाराची, पेस्ट सुरू, एवढ्यात बहुतेक भागलं असतं. मी त्याला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवायचे. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांवर तसंच साठून राहतं, खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून ते वाचतात. माझ्या पोराचं अगदी तसंच, वरचे चार गेलेले आणि खालचे पांढरेशुभ्र.

यातच एक सांगते, साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागं एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही त्यामुळं घरात सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते, जन्मभराची. ती किडली की "पडेल" म्हणून सोडून देणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत.

आता पेस्ट आणि विष. ही भीती कुठून आली ते मी समजू शकते. आपल्याच राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथं दातांवर डाग पडतात, हाडं पण धरतात. पण ते वर्षानुवर्षं रोज पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यातनं पोटात जातं. आपल्याकडं पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम चालतं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. आता पेस्टचा हिशोब करा. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग तीन ते सहा वाटाण्याएवढी. तांदळाएवढ्या पेस्टमध्ये, ट्यूबवर १००० पीपीएम लिहिलेलं असेल तर, साधारण ०.१ मिलिग्रॅम फ्लोराईड असतं. सगळी गिळली तरी एवढंच. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात ती बघून देऊ नका, आणि ट्यूब पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, चव गोड असते, चोखत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली फ्लोराईडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. कार्टूनचं चित्र असलेल्या काही पेस्टमध्ये फ्लोराईड फारच कमी असतं नाहीतर नसतंच, तेव्हा चित्र बघू नका, मागचे आकडे वाचा.

धाकटी आता चौदा महिन्यांची आहे. तिला मांडीवर आडवी घेते, डोकं माझ्या पोटाकडं, मग वरून सगळं नीट दिसतं. दोन मिनिटं रडते. रडताना तोंड उघडतं, तेवढ्यात मागचं घासून होतं. सात-आठ वर्षांपर्यंत पोरांना स्वतःला नीट जमत नाही, हातात ब्रश द्या पण नंतर एकदा तुम्ही फिरवा, रात्री झोपायच्या आधी तर नक्कीच.

गूळ. यावर आपण सांगलीकरांनीच फसावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण गूळ कशाचा होतो हे आपल्या इथं शेंबड्या पोराला पण माहितेय. साखर ज्या उसाची, गूळ त्याच उसाचा, आणि त्यात बहुतांश साखरच असते. तोंडातले जंतू रंग बघत नाहीत. ते साखर खाऊन आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताच्या वरच्या थरातला क्षार निघून जातो, मग लाळ हळूहळू ते सावरते, त्याला अर्धा तास तरी जातो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा दिवसातनं किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व. जेवताना पोळीबरोबर गूळ खाल्ला तर एवढं बिघडत नाही, पण शांत बसावं म्हणून दर तासाला गुळाचा खडा, मग चहात बुडवलेलं बिस्किट, मग चार बेदाणे, अशानं दाताला सावरायला वेळच मिळत नाही. आणि बेदाणे! आमच्या घरात तासगावचे डबाभर असतात, माझा मामाच बेदाण्याच्या धंद्यात आहे, मी काही त्यांच्या वाईटावर नाही. पण दाढेच्या खाचेत चिकटलेला बेदाणा एकदा टाचणीएवढ्या हत्यारानं काढताना बघितला की कळतं, नुसत्या चुळा भरून तो निघत नाही. जेवणाबरोबर द्या, वर पाणी द्या.

मधाचं तर दातांच्या पण पलीकडं आहे. एक वर्षाच्या आत बाळाला मध बोटभर पण नको, त्यातनं बॉट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. बाळगुटी मधात उगाळून देतात, चोखणी मधात बुडवतात, तेवढं कृपा करून थांबवा, घरातलं कितीही मोठं माणूस सांगू दे.

दात येताना ताप-जुलाब. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. दात येताना लाळ गळते, मुठी चावतात, किरकिर करतात, अंग जरासं कोमट लागू शकतं. पण १००.४ च्या वर ताप आणि पातळ शी दातामुळं होत नाही. दोन्ही एकाच वयात येतं म्हणून जोडलं जातं, कारण सहा महिन्यांच्या आसपास आईकडनं मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते, बाळ रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं. "दाताचं आहे" म्हणत दोन दिवस काढले तर तेवढ्यात बाळ सुकतं. ओआरएस सुरू करा, दूध चालू ठेवा आणि दाखवा. हिरडी शिवशिवत असेल तर स्वच्छ बोटानं चोळा, गार ओलं फडकं चावायला द्या. बधिर करणारं जेल लावू नका, त्यातल्या बेंझोकेनमुळं कधी कधी रक्तात ऑक्सिजन नीट वाहून नेला जात नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या बाळांसाठी दिलेला आहे.

धुरी आणि किडा. आपल्या भाषेतच "दात किडला" म्हणतात त्यामुळं आत अळी असणार असं वाटणं साहजिक आहे. पण अळी नसते. युरोपात पण खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी द्यायचे, आणि "पडलेले किडे" म्हणजे त्या बियांतलेच कोंब निघाले. दातात किडे नसतात हे फ्रान्सचे दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच लिहून ठेवलंय. धुरीनंतर दुखायचं थांबलं तर ती आतली नस मेल्यानं पण थांबतं, कीड आत चालूच राहते. त्यापेक्षा लहान पोरांसाठी चांदी आणि फ्लोराईडचं एक औषध निघालंय, खड्ड्यावर नुसतं लावतात, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. कीड काळी पडते आणि बहुतेक वेळा थांबते. ते काळं दिसतं म्हणून नाही म्हणू नका.

आज्यांचं म्हणाल तर माझ्या आजीला पन्नाशीत कवळी लागली आणि ती मिश्री लावायची, म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या सरकारनं १९९२ सालीच बंदी केलीय. पोरांच्या हिरडीला ती बोटानं लावणारी घरं मी अजून बघते.

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यात दात पण बघतात, तेव्हा पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका आणि तोंड बघा म्हणून स्वतः सांगा. आणि गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात न्या.