लोडिंग चालूय

परवा भाच्याच्या प्लेस्टेशन ५ या गेमिंग कन्सोलवर गेम लावला आणि लोडिंग स्क्रीन आलीच नाही, म्हणजे आली असेल पण मी रिमोट बाजूला ठेवेपर्यंत गेम सुरू पण झाला. २००६ च्या आसपास आमच्याकडे २५६ एमबी रॅमवाला असेंबल्ड पीसी होता, त्यावर जीटीए सॅन अँड्रियास हा गेम लोड व्हायला एवढा वेळ लागायचा की दादा तेवढ्यात खाली जाऊन वडापाव घेऊन यायचा. आई जेवायला हाका मारून दमायची, आमचं उत्तर ठरलेलं, "थांब ना, लोडिंग चालूय".

आणि तेवढा वेळ काय, तर तो पट्टा भरताना बघत बसायचं. मला वाटायचं मशीनला दुसरं काही जमतच नसणार. मग बऱ्याच वर्षांनी वाचलं की जमत होतं हो, पण पेटंट होतं! पहिल्या प्लेस्टेशनवरच्या रिज रेसर या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधे नामको कंपनीने लोडिंग चालू असताना गॅलेक्सियन हा छोटा गेम खेळायला दिला होता, सगळे एलियन उडवले की जास्तीच्या गाड्या मिळायच्या. आयडिया भारीच. पण त्याचं त्यांनी पेटंट घेतलं, अमेरिकेत १९९८ ला मंजूर झालं आणि संपलं थेट नोव्हेंबर २०१५ मधे. आता गंमत बघा, ऐंशीच्या दशकात कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर गेमची कॅसेट लोड होत असताना स्पेस इन्व्हेडर्सछाप, एलियन उडवायचा गेम खेळता यायचा, म्हणजे आयडिया काही अगदी कोरी करकरीत नव्हती, तरी मिळालं पेटंट. सीडी-डीव्हीडीचा तो सगळा काळ, जेव्हा लोडिंगने जीव जायचा, तेव्हा कुलूप. २०१५ ला कुलूप निघालं तर २०२० ला एसएसडीवाले, म्हणजे झटपट लोड करणारे कन्सोल आले. दात होते तेव्हा चणे नाहीत आणि आता चणे आहेत तर दात नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेटंटचा मूळ सौदाच गेमच्या मेकॅनिकला, म्हणजे गेममधे काय केलं की काय होतं त्या खेळायच्या पद्धतीला, लागू पडत नाही. सौदा काय, तुम्ही तुमचं गुपित सगळ्यांना उघड करून सांगा, बदल्यात २० वर्षं मक्तेदारी घ्या. अहो पण गेममधे गुपित कसलं? दहा मिनिटं खेळलं की मेकॅनिक समोरच दिसतं. कोड, चित्रं, म्युझिक यांना कॉपीराइट आहेच की.

पालवर्ल्डचं बघा, 'पाल' नावाचे पोकेमॉनछाप प्राणी पकडायचा गेम. जानेवारी २०२४ ला आला, तुफान चालला, सप्टेंबरमधे निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या कोर्टात केस टाकली. भरपाई मागितली दोघांनी मिळून १ कोटी येन, म्हणजे त्यांच्या मानाने चिल्लर, खरी मागणी गेम थांबवायची. ज्या तीन पेटंटवर केस आहे त्यांचे अर्ज २०२१ च्या जुन्या अर्जातून फोडून काढलेले, आणि ते केले कधी, तर पालवर्ल्ड बाजारात आल्यावर! मग पालवर्ल्डमधे बदल करणारे पॅच (अपडेट) यायला लागले. आधी गोळा फेकला की तुमचा पाल बाहेर यायचा, आता तो गपचूप शेजारी उभा राहतो. आधी पालला लटकून हवेत तरंगता यायचं, मे २०२५ पासून त्यासाठी ग्लायडर बनवून घ्यावा लागतो. यात खेळणाऱ्याचा काय फायदा झाला ते कोणी सांगावं. असे बदल डिझायनरला सुचलेले नसतात, वकिलाने सुचवलेले असतात.

शॅडो ऑफ मॉर्डॉर या गेममधल्या नेमेसिस सिस्टीमचं तर मला जास्त वाईट वाटतं. ज्या ऑर्कने (गेममधल्या राक्षसाने) तुम्हाला मारलं तो प्रमोशन घेऊन परत येतो आणि वर तोंड करून टोमणे मारतो, काय कमाल प्रकार होता. २०२१ ला वॉर्नर कंपनीला त्याचं पेटंट मिळालं. ज्यांनी ते बनवलं तो मोनोलिथ स्टुडिओ वॉर्नरनेच फेब्रुवारी २०२५ मधे बंद केला. पेटंट मात्र जिवंत.

आपल्याकडचा कायदा यात बरा आहे बरं का. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३ मधे नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम बसत नाही आणि गेम खेळायची पद्धत तर सरळ नावानिशी बाहेर ठेवलीय. पण पुण्यात दोन खोल्यांत बसून गेम बनवणारा पोरगा विकणार कुठे, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातच ना, आणि गिऱ्हाईक अमेरिका-जपानचं. तिथे विकलं की तिथलं पेटंट लागू, आपलं कलम ३ तिथे कोण विचारतो. लिस्टमधे कोणी पेटंट-कॉपीराइटवाले वकील असतील तर कमेंटमधे या, अशा छोट्या पोरांनी बनवायच्या आधी नक्की काय तपासायचं आणि त्याला खर्च किती येतो ते सांगा.